रोज पाणी घाल, असं मी सांगितलं होतं

शकू,

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे. भाजी निवडताना भांडते, मशीनवर बसले की भांडते, कुंडीतली माती उकरताना तर मोठ्यानं बोलते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "प्रभे, तोंड मिटून बी माणसाला काम करता येतं." एरवी तुझी भाषा अगदी नर्सबाईंची, स्वच्छ, इस्त्रीची. पण राग आला किंवा हसू फुटलं की आतून तुझं सायखेडा गाव बाहेर यायचं.

सुजाता म्हणाली, "मावशी, आईबद्दल चार ओळी लिहून द्या." तुझी लेक मागते म्हटल्यावर नाही कसं म्हणू? कागद पुढ्यात घेतला आणि लक्षात आलं, की तुझा जन्म, तुझं शिक्षण, तुझी बढती हे लिहायला पुष्कळ जण आहेत. मला जे लिहायचंय ते तुलाच सांगायचंय. दवाखान्यात शेवटी तू माझ्या हातचं पाणी प्यालीस, ते मी खोटं बोलले म्हणून. हे आधीच लिहून टाकते. पुढे गेले की माझा धीर सुटतो, ते तुला चांगलं माहीत आहे.

आणीबाणी उठली त्या वर्षी तुम्ही आमच्या शेजारी राहायला आलात. द्वारका चौकाच्या पुढचं ते दुमजली घर. वर घरमालकीण आक्का आणि त्यांचे नाना, खाली दोन बिऱ्हाडं, एक आमचं आणि एक तुमचं. मागे सामाईक अंगण, एकच नळ, एकच धुण्याचा दगड. घरात नर्स असलेली बरी, अडीअडचणीला उपयोगी पडते, म्हणून नानांनी तुम्हाला जागा दिली. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर लागली तेव्हा आक्का वरून बघत होत्या. बोलल्या काहीच नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून नळावर आधी त्यांचा हंडा, मग आमचा, मग तुमचा असा क्रम लागला. तो कुणी लावला ते कुणालाच माहीत नव्हतं, पण मोडला कुणी नाही. मीही नाही.

आपली ओळख झाली ती सुईनं. मी ब्लाउज शिवत होते आणि मशीनची सुई माझ्या बोटातून आरपार गेली. माझी किंकाळी ऐकून तू धावत आलीस, बोट धरलंस, सुई उपसलीस आणि म्हणालीस, "रडायचं आसंल तर आत्ताच रडून घे, मला दोनला ड्यूटीवर जायचंय." मी रडायचं विसरले. त्या दिवसापासून तुझे पांढरे ब्लाउज मी शिवायचे आणि माझ्या घरातल्या सगळ्या जखमा तू बांधायचीस. सकाळपाळी असली की दुपारी चारला आपण धुण्याच्या दगडावर चहाचे कप घेऊन बसायचो. तुझा चहा म्हणजे नुसता पाक. सुजाता तेव्हा सात वर्षांची, दोन वेण्या, लाल रिबिनी. माझ्या मशीनखालच्या चिंध्या गोळा करायची आणि बाहुलीला पदर शिवायची. काय दुपारी होत्या गं त्या! नुसती गंमत. हसून हसून पोट दुखायचं आणि वरून आक्का खिडकी लावून घ्यायच्या.

माझं चांदणीचं झाड त्याच्या आधीपासून माझ्याकडे होतं. देवळालीच्या एका पारशी बाईंच्या बंगल्यात मी पडदे शिवायला जायचे. त्यांच्या व्हरांड्यात कुंड्याच कुंड्या. एका कुंडीत बोटांसारख्या जाड काड्या उभ्या होत्या. पान नाही, काटा नाही. चार कडांच्या, हिरव्या, हात लावला की मखमल. मी बघत राहिले तर बाईंनी एक काडी मोडून हातावर ठेवली आणि त्यांच्या हिंदीत बजावलं, "इसको जास्ती लाड नहीं करने का. पानी देगा तो मरेगा. और फूल आया तो मेरे को याद करना." हे म्हणताना त्या हसल्या. का हसल्या ते मला दोन वर्षांनी कळलं.

काडीची मोडलेली बाजू सुकेपर्यंत चार-पाच दिवस सावलीत ठेवायची, मग लावायची. मी डालड्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, तळाशी विटेचे तुकडे, वर भरड वाळू आणि मूठभर जुनं शेणखत. पाणी दहा-बारा दिवसांनी एकदा, थंडीत तेही नाही. पहिल्या वर्षी पिठ्या ढेकूण पडले. कापसासारखे पांढरे, काड्यांच्या खाचांत दडून रस शोषणारे. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा आले तेव्हा तू शेजारी आली होतीस. बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक काडी पुसायला बसलीस, पेशंटची पाठ पुसावी तशी. तुझ्यामुळे वाचलं ते झाड. आणि त्याच झाडापायी मी तुझं काय केलं!

त्या वर्षी भाद्रपदात कळी धरली. आधी लिंबाएवढी, मग फुगत फुगत आकाशकंदिलाच्या घडीसारखी. मी अख्ख्या घरात दवंडी पिटली. एवढं मोठं ताऱ्यासारखं फूल येणार, परदेशी झाड आहे म्हणून. आक्कांना म्हटलं, "आक्का, तुमच्या घटाची सातवी माळ माझ्या चांदणीची." आक्कांकडे नवरात्रात नऊ दिवस नऊ माळा चढायच्या, सोवळंओवळं फार. त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला सवाष्ण म्हणून बोलावलं. आम्ही शिंपी, शकू. आक्कांच्या देवघरापाशी पाट मांडून बसायचं आमंत्रण मला आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं. त्याचा मला केवढा तोरा चढला होता, तू पाहिलाच आहेस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

तिसऱ्या माळेच्या सकाळी कळीची एक पाकळी उलगडलेली दिसली. नजर लागायला नको, पोरांनी हात लावायला नको, म्हणून मी वर टोपली पालथी घातली आणि शिवणाला बसले. दसऱ्याची कामं डोक्यावर, त्यात सर्दीनं नाक गच्च. टोपली उचलून बघायला दोन दिवस सवड झाली नाही.

आणि घरात वास सुटला. तुला आठवतंय ना? नानांनी माळा उपसला. माझ्या मालकांनी धान्याचे डबे हलवले. तुझे मिस्टर बॅटरी घेऊन मोरीच्या नळात बघत होते, घूस मेली असेल म्हणून. साप साप म्हणून भुई धोपटली सगळ्यांनी. काही सापडलं नाही. चौथ्या माळेला आक्कांनी मला जिन्यात बोलावलं. म्हणाल्या, "प्रभा, वास तुमच्या मागच्या अंगणातून वर येतोय. खाली दोनच बिऱ्हाडं. तुझं घर मला माहीत आहे. आता तूच जाऊन सांग तिला, नवरात्र आहे, जे काय वाळत घातलंय ते काढ म्हणावं. तुझं जमतं तिच्याशी."

मी गेले. नाकाला पदर लावून गेले! तुझ्या दारात उभी राहून आक्कांचं वाक्य जसंच्या तसं तुझ्यापुढे ठेवलं. तू कणीक मळत होतीस. हात तसेच थांबले. म्हणालीस, "प्रभा, या घरात आल्यापासून मी साधा बोंबील भाजलेला नाही. आक्कांना चालणार नाही म्हणून. पोरं आजोळी जाऊन खातात." मग हात धुतलेस, दवाखान्यातली फिनेलची बाटली काढलीस आणि आपलं अर्धं अंगण घासायला बसलीस. सुजाता तुझ्यामागे बादली घेऊन. मी बघत होते.

त्या संध्याकाळी मी टोपली उचलली. ताटलीएवढं फूल, पाच पाकळ्यांचं, पिवळट, त्यावर लालसर रेघा, कडेनं केस. माझी सर्दी त्या दिवशी जरा मोकळी झाली होती. वासाचा भपकारा असा आला की मी मागच्या मागे बसले. फुलावर माश्या घोंगावत होत्या आणि मधोमध त्यांनी अंडी घातली होती. मेलेल्या उंदराचा वास तो, शकू, माझ्या चांदणीचा.

तेव्हाच्या तेव्हा ओरडून सांगायचं होतं. "अहो, इकडे या, सापडलं!" सगळे हसले असते. पण मला दिसत होता तो पाट, आक्कांच्या देवघरापाशी मांडलेला. ज्या फुलाची माळ देवीला घालणार होते ते हे! दुसऱ्या दिवशी उजाडताच मी फूल कापलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, ब्लाउजच्या कापडांखाली पिशवीत दडवलं आणि नासर्डी नदीच्या पुलावरून खाली टाकलं. दुपारपर्यंत वास गेला. आक्कांनी विचारलं, "फूल काय म्हणतंय?" मी म्हटलं, "कळी गळून पडली हो."

आणि मग त्या जे बोलल्या ते ऐकून मला खरं तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. म्हणाल्या, "बघ, एकदा बजावलं की कसा बंद झाला वास! काही लोकांना बोलल्याशिवाय कळत नाही." पुरावा मीच फेकला आणि त्यानंच तुझ्यावरचा आळ पक्का झाला. मी मिठाची गुळणी धरून बसले. आठव्या माळेला सवाष्ण म्हणून जेवले. पुरण घशाखाली उतरलं, खोटं कशाला बोलू?

दसरा झाला आणि नानांनी तुझ्या मिस्टरांना सांगितलं, पुतण्या शिकायला यायचाय, जागा लागेल. पुतण्या कधी आला नाही. कार्तिकात तुम्ही दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये गेलात. टेम्पोत सामान चढलं, तू शेवटी मागच्या अंगणात आलीस आणि म्हणालीस, "प्रभे, मला तुझ्या चांदणीची एक काडी दे. तुझी आठवण."

माझ्या पाचावर धारण बसली. नाही म्हणू कशी? आणि दिली तर एक ना एक दिवस तुझ्या खिडकीत ते फूल उमलणार. मी काडी मोडली, तुझ्या रुमालात ठेवली आणि म्हटलं, "रोज पाणी घाल हं, शकू. भरपूर."

हे वाक्य मी बोलले. इतर सगळ्याला भीती, लाज, गप्प बसणं असं काहीतरी नाव देता येतं. याला काय नाव द्यायचं ते तू सांग. झाड कुजून मरावं म्हणून मी तुला, माझ्या मैत्रिणीला, डोळ्यांत पाणी आणून हे सांगितलं. ते पाणीही खरं होतं. माणूस काय चीज आहे बघ.

पण तुझं दैव आणि तुझ्या ड्यूट्या! तुला रोज पाणी घालायला वेळ कुठला? मी अधूनमधून क्वार्टरवर यायचे, चोरासारखी आधी खिडकी बघायचे. काड्या टुमटुमीत! "पाणी घालतेस ना?" मी विचारायचे. तू म्हणायचीस, "कसलं गं, आठ-आठ दिवस बघायला बी सवड नाय. पण लय चिवट हाय तुझी चांदणी."

तिसऱ्या वर्षी तू आलीस. पांढऱ्या साडीतच, ड्यूटीवरून परस्पर. पिशवीतून स्टीलचा डबा काढलास, माझ्या मशीनवर ठेवलास आणि झाकण उघडलंस. वासानं खोली भरली. मी वर बघितलं नाही. तू म्हणालीस, "आमचे हे घरभर उंदीर शोधत होते. मी खिडकीशी गेले आणि कळलं. आधी हसले, प्रभे. खूप हसले. मग खालीच बसले." मग तू म्हणालीस, "फुलाचं एकवेळ समजू शकते मी. घाबरलीस. पण आमच्या दवाखान्याचा माळी काल सांगत होता, या झाडाला पाणी म्हणजे विष. मला रोज घालायला सांगितलं होतंस. ते का गं?"

मी रडले. तू मला रडू दिलंस, डब्याला झाकण लावलंस. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर हातानं थांबवलंस. "नको. तू वर जाऊन आक्कांना सांग. मी सांगणार नाही, तूच सांग. ज्या दिवशी सांगशील त्या दिवशी तुझ्याकडं पाणी पिईन." मला वाटलं, आता ही पुन्हा यायची नाही. पुढच्याच रविवारी तू स्पिरिटची बाटली घेऊन हजर! "पिठ्या ढेकूण आलेत का बघ," म्हणालीस आणि बोळा भिजवायला बसलीस, काही झालंच नाही असं. तुझ्यासारखी बाई मी पाहिली नाही, शकू. मैत्री तोडली असतीस तर मला सोपं गेलं असतं, हे तुला पक्कं ठाऊक होतं.

मग ती वर्षं गेली, आणि खरं सांगू, माझ्या आयुष्यातली तीच चांगली वर्षं होती. तुमचं इंदिरानगरला घर झालं. तेव्हा तिकडे नुसतं माळरान, संध्याकाळी वाऱ्यानं साड्या दोरीवर ठरत नसत. तुझ्या गच्चीवर चांदणीच्या सात कुंड्या झाल्या. त्यांची उस्तवार करायला मी रविवारी यायचे. कुजकी काडी कापायची, नवी सुकत ठेवायची, वाळू चाळायची. कामाला हात आणि तोंडाला गप्पा. तुझ्याकडे मी पोटभर जेवायचे. तुझ्या हातचं सुकट-कांद्याचं कालवण मी पहिल्यांदा खाल्लं आणि बोटं चाटली. माझ्याकडे आलीस की मात्र तू कोरडी बसायचीस.

तुझी एक रीत मी कधी विसरणार नाही. गच्चीवर कळ्या फुगल्या की तू पदर खोचून सगळ्या आळीत दारोदार फिरायचीस. "दोन-तीन दिवस घाण वास येईल हं. माझ्या झाडाचा हाय. कुठं उंदीर शोधू नका, कुणाला बोलू नका." एकदा मी बरोबर होते. एका दारातली बाई म्हणाली, "अहो ताई, मग ठेवता कशाला असलं झाड?" तू म्हणालीस, "फूल बघायला या, मग सांगते." आणि पोरं रांग लावून यायची, नाक दाबून, हसत, ढकलाढकली करत. मी खाली मान घालून वाळू चाळायचे. तू मला एका शब्दानं टोचलं नाहीस. वर्षातून एकदा, पहिलं फूल उमललं की, फक्त भुवया उंचावून बघायचीस. मी म्हणायचे, "सांगते गं."

सांगत नव्हते. आक्कांच्या मुलीचं लग्न निघालं, मग नाना आजारी पडले, मग नाना गेले, मग आक्कांचं ब्लडप्रेशर. सबबींना काय तोटा! आणि दर नवरात्रात माझा पाट मांडलेला असायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आपलं जोरात वाजलं. भर दुपारी तू सायकल हाणत आलीस, चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. मी माठातलं पाणी स्टुलावर ठेवलं. तू त्याकडे बघितलंस आणि पदरानं तोंड पुसलंस. माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "पुरे झाला तुझा हट्ट! घर झालं, सगळं चांगलं झालं. आता जुनं उकरून तुला मिळणार काय?"

तू ओरडली नाहीस. म्हणालीस, "मला काय मिळायचंय? त्या घरातून निघालो तेव्हा सुजाता सात वर्षांची. शाळेत जाताना रोज फ्रॉक नाकाला लावून बघायची. मला विचारायची, आई, आपल्याला वास येतो का गं? मी तिला नंतर सांगितलं, झाडाचा होता म्हणून. तिला वाटतं, आई समजूत घालते. आईचं कोण खरं धरतं, प्रभे? अजून ती पोरगी कॉलेजात जाताना दोनदा आंघोळ करते."

माझी सुजाता, माझ्या मशीनखाली बसणारी. मला हे माहीत नव्हतं. तुला सांगते, त्या दिवशी मी जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत गेले होते. वरून आक्कांनी हाक मारली, "कोण, प्रभा? ये गं, लोणचं चाखून बघ." मी गेले, लोणचं चाखलं आणि खाली आले.

आणि या वर्षी तुला कावीळ झाली, ती पोटात उतरली. जिथे जन्मभर ड्यूटी केलीस त्याच दवाखान्यात, खाटेवर. डोळे हळदीसारखे. मी रोज यायचे, तू रोज बघायचीस. त्या गुरुवारी तुला बोलायलाही दम लागत होता. मी थर्मासातून पाणी ओतलं, चमचा धरला आणि आपोआप तोंडातून गेलं, "शकू, सांगितलं मी. आक्कांना."

तू डोळे उघडलेस. "काय म्हनल्या?"

एवढा विचार मी केलाच नव्हता. म्हटलं, "रडल्या. चुकलं म्हणाल्या. तुला भेटायचंय म्हणाल्या."

तू माझ्याकडे खूप वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "उकळलंयस ना?" आणि तोंड उघडलंस. दोन चमचे. तिसरा नको म्हणालीस. शनिवारी तू गेलीस.

चेहरा बघून ताप ओळखणारी बाई तू. माझं खोटं तुला कळलं नसेल? कळूनही प्यालीस, की खरं वाटून प्यालीस? रात्रंदिवस मी हेच तुझ्याशी भांडते आहे. खरं वाटलं असेल तर मी तुला दुसऱ्यांदा फसवलं. कळूनही प्यालीस असशील तर तू मला ज्या ऋणात ठेवून गेलीस ते जन्मभर फिटायचं नाही. दोन्हीकडून मीच मेले.

परवा तुझा जलदानविधी झाला. इंदिरानगरात मांडवात बसायला जागा नव्हती, एवढी माणसं. तू ज्यांच्या बाळंतपणात उभी राहिलीस त्या बायका लेकरांना घेऊन आल्या होत्या. सुजाता सगळ्यांना नमस्कार करत होती, पांढऱ्या साडीत, अगदी तू. मी तिथून घरी आले ती चप्पल न काढता जिना चढले. सगळा जिना.

आक्का खाटेवर वाती वळत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आक्का, शकू गेली."

"कोण शकू?"

"खाली राहायची. नर्स. तुम्ही जागा सोडायला लावली ती."

"असेल बाई. किती भाडेकरू आले नि गेले."

मी सगळं सांगितलं. टोपली, फूल, पूल, गळून पडलेली कळी, सगळं. वास तुमच्या बिऱ्हाडाचा नव्हता, माझ्या झाडाचा होता, आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं. आक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "वास? कसला गं वास? मला तर काही आठवत नाही." आणि वातीला पीळ देत म्हणाल्या, "एवढ्यासाठी धावत वर आलीस? बस, पाणी घे."

बारा वर्षं मी या बाईला भ्यायले, शकू. मला तो पाट डोळ्यांसमोर दिसायचा आणि हिला तुझं नावसुद्धा आठवत नव्हतं. मला इतका संताप आला, की मी म्हटलं, "तुम्हाला आठवत नसेल, पण ते घर उठलं तुमच्या शब्दानं आणि माझ्या गप्प बसण्यानं. हे तरी लक्षात ठेवा." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. या नवरात्रात पाट मांडला जाईलसं वाटत नाही. नको मांडू देत.

पण खाली आले आणि पायरीवर बसल्यावर कळलं, की मी चुकीच्या दारात जाऊन आले. ज्या बाईला आठवतच नाही तिला सांगून काय उपयोग? जिला आठवतं तिला सांगायला हवं होतं. तू मला भांडणाच्या त्या मे महिन्यातच तिचं नाव सांगितलं होतंस. मला ऐकू आलं नाही.

म्हणून आज सकाळी मी इंदिरानगरला गेले. सुजाता तुझ्या पांढऱ्या साड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "सुजाता, तुझ्या अंगाला कधीच वास येत नव्हता. तुमच्या घरालाही नव्हता. तो माझ्या झाडाचा होता. आईनं तुझी समजूत घातली नव्हती, ती खरं बोलत होती. मला तेव्हाच माहीत होतं आणि मी गप्प बसले."

तिच्या हातातली साडी तशीच राहिली. रडेल, चिडेल, जा म्हणेल, मी सगळ्याला तयार होते. मग तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "मावशी, हे आई असताना का नाही सांगितलंत?"

ती माझ्याकडे बघत होती, शकू.